घरची माणसं

दाजींवरचा माझा राग केव्हाच गेला. अक्कावरचा गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. ओळखीच्या बायका म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून सख्ख्या बहिणीशी कुणी बोलणं टाकतं का. एवढीशी म्हणजे केवढीशी, ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

सोलापुरातल्या एका जुन्या थेटरात मी पंचवीस-तीस वर्षं बाल्कनीच्या दारावर उभी राहिले. मालकांनी त्या दारावर मुद्दाम बाईमाणूस ठेवलं होतं, कारण बाल्कनीत तेव्हा बायकांची फार गर्दी असायची. तिकीट फाडायचं, निम्मं परत हातात द्यायचं आणि बॅटरीचा उजेड पायाशी धरून माणसाला खुर्चीपर्यंत न्यायचं, एवढंच काम. पण त्यातही अक्कल लागते. एकट्यादुकट्या पोरींना मी दाराजवळ बसवायची, म्हाताऱ्यांना कडेच्या खुर्चीवर, लेकुरवाळीला पंख्यापासून लांब. तेलुगू पिक्चर लागला की विणकरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या डबे घेऊन वर चढायच्या, आणि 'पुढं सरका' हे मी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत ओरडायला शिकले. मागच्या ओळीतून कुणी पुढच्या बाईच्या वेणीला हात लावला तर मी त्याला कॉलरला धरून जिन्यापर्यंत आणायची. माझ्या जिभेला सगळे टरकून असायचे, ऑपरेटरसुद्धा.

मग गर्दी हटायला लागली. कॅसेटी आल्या तेव्हा आम्ही हसलो होतो, सीड्या आल्या तेव्हा थोडे घाबरलो होतो. पण मोबाईल आला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी कुणाच्या तरी फोनवर असायचा आणि सोमवारपर्यंत पेनड्राइव्हमधून घराघरातल्या टीव्हीवर. लग्नाला गेलं तरी बायका सांगायच्या, "आमी बगितला की, घरीच." हे मला सांगताना त्यांना जराही संकोच वाटायचा नाही. मी कुठे नोकरी करते हे त्यांना चांगलं ठाऊक असायचं. मी घास गिळायची आणि गप्प बसायची. एरवी गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

आमच्या थेटरात एक जुनी पद्धत होती. नवा पिक्चर लागला की पहिल्या शुक्रवारी बाराच्या शोला प्रत्येक कामगाराच्या घरची दोन माणसं यायची. त्यांना तिकीट विचारायचं नाही आणि त्यांच्या तोंडावर बॅटरी मारायची नाही. 'घरची हायेत' एवढं म्हटलं की पुरे. थोरल्या मालकांनी सुरू केलेलं हे धाकट्या मालकांनीही चालू ठेवलं होतं. आपल्या माणसांना वर नेऊन बसवताना मला जो तोरा यायचा तो पगाराच्या दिवशीही येत नसे.

माझे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. त्यामुळे माझी घरची माणसं म्हणजे मैंदर्गीची अक्का आणि दाजी. दाजींचं तिथे बाजारात मोबाईलचं दुकान आहे, रिचार्ज, चार्जर, कव्हर असलं. दोघं सकाळच्या एसटीने अक्कलकोटवरून यायची. येताना अक्का एक उंच स्टीलचा डबा आणायची, त्यात शेंगापोळ्या. पुढच्या खेपेला मी तो डबा चटणी नाहीतर चिवडा भरून परत द्यायची. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. रिकामा डबा देणं म्हणजे आता तुमचा आमचा संबंध नाही असं सांगणं, असं आमची आई म्हणायची. घाईगर्दीत काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी ती घालायची.

पिक्चरचं वेडही मला अक्कानेच लावलं. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा ती मला कडेवर घेऊन तासन्‌तास उभी राहायची. मला दिसावं म्हणून पुढच्यांच्या पाठीत कोपर घालून जागा करायची. तिचा हात दुखायला लागला की मला दुसऱ्या कडेवर घ्यायची, खाली कधी ठेवायची नाही. पुढे मला थेटरात नोकरी लागली तेव्हा माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता. बाल्कनीत बसली की ती मागे वळून मला शोधायची आणि मी उगाचच एकदा बॅटरी उघडझाप करायची.

हे सगळं घडलं त्याच्या दोनेक वर्षं आधी त्यांच्या घरी भिंतीवरचा मोठा टीव्ही आला आणि अक्काचं येणं थांबलं. "गुडगं लई दुकत्यात गं, तुमचा जिना चडवत न्हाय," असं फोनवर म्हणाली. मला ते खरं वाटलं. दाजी मात्र एकटे येत राहिले आणि त्याचं मला केवढं कौतुक. बाल्कनीत दहा-पंधरा डोकीसुद्धा नसताना आपला मेव्हणा एवढ्या लांबून एसटीने पिक्चर बघायला येतो, हे मी कॅन्टीनमध्ये चार जणांना ऐकवलं होतं.

दाजींना पहिली ओळ लागायची, मधोमध, सिमेंटच्या कठड्यापाशी. पाठ दुखते म्हणून मी त्यांच्यासाठी घरून उशी आणून ठेवली होती. "हा पंका लई कडकड करतोय," असं ते एकदा म्हणाले, तेव्हापासून ते आले की मी तो पंखा बंद करायची. "ह्या वळीत कुणी नको बसवूस, पाय पसरता येत न्हायत," म्हणाले, तर मी आलेल्या माणसांना खोटं सांगायची की त्या ओळीत माणसं यायची आहेत. डबा ते समोर कठड्यावर ठेवायचे. "द्या हिकडं, मी आत ठिवते," असं मी म्हटलं की म्हणायचे, "असू दे की, सुटल्यावर देतो." पिक्चर सुटल्यावर न विसरता डबा माझ्या हातात द्यायचे. घरी जाऊन मी त्यातल्या पोळ्या तूप लावून खायची.

त्या शुक्रवारी एक मराठी पिक्चर लागला होता. आपल्याच भागात चित्रीकरण झालेला, त्यामुळे गावोगावची माणसं त्याची वाट बघत होती. मध्यंतराच्या आधी नायकाच्या आईला अग्नी देण्याचा प्रसंग आहे. तिथे संगीत नाही, बोलणं नाही, पडद्यावर नुसता धूर. मला काय ठाऊक तेव्हा काय चाललंय. मी कॅन्टीनमधून चहा घेतला, अंधारातून वाकून दाजींपाशी गेले आणि म्हणाले, "दाजी, चा आणलाय. निवंल बगा." दाजींनी मान न वळवता हातानेच खूण केली, ठेव म्हणून. पिक्चरमध्ये रंगलेत, असं मला वाटलं.

पुढच्या बुधवारी माझी सुट्टी होती. त्या खेपेचा डबा चिवड्याने भरून मी मैंदर्गीला गेले. अक्काच्या घरी टीव्हीसमोर सगळं घर बसलेलं, शेजारच्या बायकासुद्धा. लावला होता आमचाच पिक्चर, पाच दिवसांपूर्वी लागलेला. पडदा जरा तिरका आणि रंग उडालेले. कुणीतरी थेटरात बसून मोबाईलवर चोरून काढलेला आहे हे बघताक्षणी कळत होतं. माझं डोकंच फिरलं. "ही चोरी हाय अक्का, माज्या पोटावर पाय हाय हा," मी सगळ्यांसमोर म्हणाले. अक्का म्हणाली, "आलंय कुटनं तरी मोबाईलवर. आमी न लावल्यानं काय तुजं थेटर भरनार हाय व्हय? बस की गप." दाजी म्हणाले दुकानात गिऱ्हाईक आलं असेल, आणि चप्पल घालून निघून गेले.

मी बसले. हे मला लपवायचं नाही. अक्काने ताट वाढून हातात दिलं आणि मी जेवत जेवत शेवटपर्यंत तो पिक्चर बघितला.

मध्ये तो अग्नी देण्याचा प्रसंग आला. अक्काने रिमोट उचलला आणि आवाज पार बारीक केला. "ह्ये मला बगवत न्हाय," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा मोठा केला. तिला आमची आई आठवली असणार असं मला वाटलं. आई गेली तेव्हा अक्काच तिच्या उशाशी होती. मी ताट खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती टीव्हीकडेच बघत राहिली.

त्यानंतरच्या सोमवारी मालकांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. मी, ऑपरेटर आणि कॅन्टीनवाले. मालक शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या ओठांना रंग नव्हता. म्हणाले, "आजकाल प्रत्येक थेटरला जो पिक्चर येतो त्यात एक खूण असते. डोळ्याला दिसत नाही, पण चोरीची कॉपी तपासली की कुठल्या थेटरातनं, कुठल्या शोला निघाली ते कळतं. पुण्याहून वितरकांचा फोन आला होता. ही कॉपी आपल्याकडची आहे. शुक्रवार, बाराचा शो." मग त्यांनी आपल्या फोनवर ती लावली आणि पुढे सरकवत सरकवत एका जागी आणून सोडली. पडद्यावर धूर होता. त्या शांततेत, अगदी कानाशी बोलल्यासारखा, माझा आवाज आला. दाजी, चा आणलाय. निवंल बगा.

कॅन्टीनवाले खाली बघायला लागले. ऑपरेटर उठून खिडकीपाशी गेला. मालकांनी फोन बंद केला आणि मला विचारलं, "बाई, हे दाजी कोण?"

माझ्या डोळ्यांपुढे आधी डबा आला. कठड्यावरचा उंच स्टीलचा डबा, सुटल्यावर देतो म्हणून कधी आधी न दिलेला. मोबाईल त्यालाच टेकवलेला होता. मग पंखा आला, उशी आली, रिकामी ठेवलेली ओळ आली. एवढी वर्षं दारावर उभी राहून मी चोराची बडदास्त ठेवत होते. आणि सगळ्यात शेवटी अक्काचा हात आला, रिमोट उचलणारा. तिने आवाज बारीक केला होता तो धुरावर नाही, माझ्यावर. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

"शुक्रवारपर्यंत नाव लिहून द्या," मालक म्हणाले. "वितरकांना नाव पाहिजे. नाही दिलं तर आपल्याला नवा पिक्चर मिळणार नाही, आणि नवा पिक्चर नाही म्हणजे थेटर बंद. तुमच्या घरचं माणूस आहे हे मला कळतंय. मी जबरदस्ती करणार नाही." त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या चार दिवसांत मला कळलं की माझा आवाज निम्म्या सोलापूरने ऐकलेला आहे. मंडईत भाजीवाली म्हणाली, "बाई, तुमी पिक्चरमदी बोलताय की, आमच्या पोरांनी वळखलं." ती हे मोठ्या कौतुकाने म्हणाली आणि वर कोथिंबिरीची जुडी जास्तीची घातली. ज्या बायकांना मी हाताला धरून अंधारात खुर्चीवर बसवलं होतं त्या रस्त्यात थांबवून हसत विचारायच्या, "दाजींनी चा पिला का न्हाय?" आपण काय बघतोय, ते कुठून आलं, आणि त्यामुळे ही बाई घरी बसणार आहे, हे त्यांच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. त्यांचाही मला राग आहे. पण त्या परक्या.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. शुक्रवारी सकाळी मी दाजींचं नाव लिहून दिलं. त्यांना दोन-तीनदा चौकीत बोलावलं, दुकानातला कॉम्प्युटर नेला आणि काही महिन्यांनी परत दिला. मालकांनी कामगारांच्या घरच्या माणसांची ती पद्धत बंद केली. आम्हाला नवे पिक्चर पुन्हा मिळायला लागले, पण माणसं आली नाहीत. ती घरात बसून बघायला शिकली होती, आणि एकदा तशी बसली की उठत नाहीत. वर्षाच्या आत थेटरला कुलूप लागलं. म्हणजे मी नाव दिलं त्याचा काही उपयोग झाला नाही. तरीही दिलं याचं मला वाईट वाटत नाही, आणि का वाटत नाही ते त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ठरलं होतं.

गुरुवारी मी पाळी बदलून घेतली आणि मैंदर्गीला निघाले. आदल्या आठवड्यातल्या बुधवारी अक्काकडून परतताना तिने डबा पुन्हा भरून दिला होता, म्हणजे तो माझ्याकडेच होता. सवयीने मी बरणीतली शेंगाची चटणी त्यात काढली. मग तशीच बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. शेवटी चटणी डब्यातून काढून एका कागदात बांधली, डबा धुतला, पुसला आणि दोन्ही वस्तू पिशवीत वेगवेगळ्या ठेवल्या. अक्काला काहीच ठाऊक नसेल, आवाज बारीक केला तो खरंच आईच्या आठवणीने केला असेल, तर तिच्या दारात शिरल्याबरोबर पुडी डब्यात सोडायची आणि नाव द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मग नोकरी गेली तरी चालेल. एसटीत अख्खा रस्ता मी तिच्या बाजूने एकेक कारण शोधत होते.

अक्का एकटीच होती, सुपात शेंगदाणे निवडत बसली होती. "बा, कुंद्र," म्हणाली आणि सूप बाजूला सरकवून मला जागा केली. लहानपणापासून ती मला अशीच 'ये, बस' म्हणते, कन्नडमध्ये. मी बसले आणि मालकांनी काय ऐकवलं ते सगळं सांगितलं. नाव लिहून मागितलंय हेही सांगितलं.

ती दचकली नाही. शेंगदाणे निवडत राहिली. म्हणाली, "त्येंनी मुद्दाम न्हाय केलं. दुकानात मानसं मागं लागत्यात, नवा हाय का, नवा हाय का म्हनून. एकाला दिला, त्यानं फुडं धाडला. आता काय करायचं?"

"ह्याच्या आदीचे बी त्येंनीच काडले व्हय?"

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तू आसं सांग की. दाजी म्हंजे कुनीबी आसंल. तू समद्यांनाच दाजी म्हनतीस, आसं सांग." तिने हे आधीच ठरवून ठेवलं होतं. हे दाजी कोण असं मला कुणीतरी विचारणार आणि मी तिच्याकडे येणार, हे तिला ठाऊक होतं. उत्तर घोळवून घोळवून तयार होतं.

मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी तू आवाज का बारीक केलास?"

तिचा हात थांबला. "तुला वाईट वाटंल म्हनून."

"म्हंजे तुला कळलं हुतं."

"पयल्याच दिवशी," अक्का म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि तंबूतल्या गर्दीत मला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेताना बघायची तसंच बघितलं. "तुजा आवाज मला वळकू येनार न्हाय व्हय गं?"

माझा हात पिशवीत होता, पुडीवर. मी तो तिथून काढला आणि डबा बाहेर घेतला. तिच्यासमोर ठेवला. तिने सवयीने तो ओढून घेतला, झाकण उघडलं आणि आत बघितलं. मग आत हात घालून बोटाने तळ चाचपला.

"चा टाकू?" तिने विचारलं.

"नको," मी म्हणाले, "गाडी हाय." गाडीला अजून तास होता. मी स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसले. सोलापूरला उतरले तेव्हा चटणीची पुडी पिशवीत तशीच होती, तेल सुटून कागद भिजलेला.